मी न शिकवलेली एक ओळ

मला बोलायला आवडतं हे मोताळ्यात सगळ्यांना माहीत आहे. पानठेल्यावर मी उभा राहिलो की पानवाला माझं पान मुद्दाम शेवटी लावतो; पान तोंडात गेलं की गोष्ट थांबते आणि गोष्ट थांबली की त्याचं गिऱ्हाईक पांगतं. गणपतीतल्या नाटकांत मी राजापासून हवालदारापर्यंत सगळं केलंय. माझ्या वाट्याला मुक्याचं काम कधी आलं नाही. दिग्दर्शकाला माणसं कळायची.

तर अशा माणसाला एका सकाळी, भर परीक्षेत, एक अक्षर न बोलता दाराशी उभं राहायची पाळी आली, आणि त्याच वेळी एका बाईची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत टांगणीला लागलेली होती. तिला हवी असलेली गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर होती. एकच ओळ. दहा सेकंदांत सांगून झाली असती.

मी एका छोट्या कॉलेजात कॉम्प्युटरची पदविका शिकवतो. त्यात जावा नावाची भाषा असते, आणि जावात माझा सर्वांत लाडका धडा म्हणजे लिसनरचा. पडद्यावरचं बटन दाबलं की काम होतं असं आपल्याला वाटतं ना? तसं काही नसतं. बटन हा फार भोळा प्राणी आहे. ‘मला दाबलं’ एवढंच त्याला कळतं. पुढचं काम करायला वेगळा क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहावा लागतो, त्याला लिसनर म्हणायचं, म्हणजे ऐकणारा. बटनानं बोंब मारायची, यानं ती ऐकायची आणि कामाला लागायचं.

हा धडा मी शिकवत नसे, त्याचा प्रयोग लावत असे. एकाला समोर उभा करायचा, तो बटन. त्याच्या डोक्यावर टपली मारली की त्यानं ‘दाबलं!’ म्हणून ओरडायचं. दुसरा कानाला हात लावून उभा, तो लिसनर. बोंब ऐकली की त्यानं पळत जाऊन फळ्यावर नाव लिहायचं. माउसचा लिसनर आला की मजा वाढायची. त्याचा करार पाच कामांचा असतो: दाबणं, सोडणं, क्लिक होणं, आत येणं, बाहेर जाणं. तुम्हाला एकच काम हवं असलं तरी पाचही लिहावी लागतात, चार रिकामी ठेवायची. मग मी पाच जण उभे करायचो. चौघांना काहीच काम नसायचं.

“सर, आमी काऊन उभे हाओ?”

“करारात आहे म्हणून.”

“मंग आमाले बी टपली मारा ना, सर. बोर होऊन राह्यलं.”

वर्ग हसायचा, शेजारच्या वर्गातले अकाउंटचे सर भिंत ठोकायचे, आणि मी भरून पावायचो.

आता माझी चूक. आमच्या लॅबमध्ये चालू मशीन अकरा आणि विद्यार्थी चाळीस. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. त्यातली वीस मिनिटं पडद्यावर खिडकी काढण्यात आणि तिच्यात बटन बसवण्यात जायची. म्हणून मी एक तयार फाइल केली आणि अकराही मशीनवर टाकून ठेवली. तिचं नाव ‘साचा’. त्यात खिडकी तयार, बटन तयार, आणि या बटनाचं त्या लिसनरनं ऐकायचं हे सांगणारी एक ओळसुद्धा तयार. पोरांनी साचा उघडायचा, खाली आपला लिसनर क्लास लिहायचा, चालवायचा. बटन दाबलं की नाव यादीत पडायचं. जर्नलमध्ये मी त्यांना लिहायला लावायचो: ‘वरचा भाग साच्याप्रमाणे.’ नऊ वर्षं हे चाललं. माझा निकाल चांगला लागायचा. मी या साच्याबद्दल जिल्ह्यातल्या दुसऱ्या मास्तरांना फुशारकीनं सांगतसुद्धा असे.

त्यात ती जोडणारी ओळ आहे हे कोणी पाहिलं नाही, आणि मी कधी दाखवलं नाही.

आता ती नोकरीवाली बाई. माझीच विद्यार्थिनी, चौतीस-पस्तीसची. जवळच्या खेड्यातून काळीपिवळी जीपनं यायची. सासरी भाजीचा मळा, दोन लेकरं, आणि सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात केस-पेपर लिहायच्या खिडकीवर कंत्राटी काम. ती खिडकी आता कॉम्प्युटरवर जाणार होती. पदविका हातात असली तर जागा तिची, नसली तर दुसरा माणूस येणार. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. सगळे विषय सुटले होते, फक्त हा एक राहिला होता. पहिल्यांदा लेकराला ताप म्हणून, दुसऱ्यांदा जीप पंक्चर झाली म्हणून. आमच्या अभ्यासक्रमात तीनच संधी मिळतात. ही तिसरी. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या विनोदांना हसायची नाही, लिहून घ्यायची.

राहिलेल्यांची परीक्षा म्हणून पाचच परीक्षार्थी होते. बाहेरून परीक्षक आले ते तिशीतले, कडक इस्त्रीच्या शर्टातले. आमच्याकडे परीक्षक म्हणजे जावई. तर्री-पोहे, मग आलुबोंडा, मग चहा, मग सही. हे गृहस्थ म्हणाले, “मी डबा आणलाय.” मग त्यांनी पाचही मशीनवरच्या सगळ्या जुन्या फाइल्स एका जागी कोंडून तिला कुलूप लावलं आणि स्वतःची एक फाइल ठेवली. खिडकी, नाव लिहायची चौकट, यादी आणि बटन त्यांनी दिलेलं, आणि प्रश्न असा: नोंदीच्या बटनासाठी लिसनर क्लास लिहा व तो जोडा, बटन दाबल्यावर चौकटीतलं नाव खालच्या यादीत दिसलं पाहिजे.

मी मनात म्हटलं, हा तर आपला साचाच. सोपं आहे.

तासाभरात तिचा क्लास लिहून झाला. मागून पाहिलं, अक्षर न अक्षर बरोबर. मशीननं एकही चूक काढली नाही. खिडकी उघडली. तिनं चौकटीत नाव टाकलं आणि बटन दाबलं.

काही झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मग जोरानं दाबलं. मग माउस उलटा करून त्याच्या पोटातला लाल दिवा पाहिला, ओढणीनं पुसला, पुन्हा दाबलं.

“सर, माउस बदलून द्या ना. हा मेलेला हाये.”

मी बदलून दिला. कबूल करतो, मलाही तो माउसच वाटला. दुसऱ्यानंही होईना. तिसरा मी ऑफिसातल्या मशीनचा काढून आणला, चांगला नवाकोरा. तोवर बाकीच्या चौघांचीही हीच गत झाली होती. लॅबभर नुसतं टिक टिक टिक, आणि पाच पडद्यांवर पाच रिकाम्या याद्या. चूक दाखवणारी लाल ओळ आली असती तर माणूस भांडतो तरी. इथं मशीन म्हणत होतं की सगळं ठीक आहे.

मी तिच्या मागं उभा राहून तिचा कोड वरपासून वाचला. जोडायची ओळ नव्हती. पहिला विचार असा आला की एवढी हुशार बाई आणि ओळ कशी विसरली? मग पुढच्या मशीनवर पाहिलं. तिथंही नाही. त्याच्या पुढंही नाही. पाच माणसं एकच ओळ विसरत नाहीत. ती विसरली नव्हती. ती ओळ जगात आहे हेच तिला माहीत नव्हतं. क्लास खाली लिहिला म्हणजे जोडला, असंच मी नऊ वर्षं सगळ्यांना दाखवत आलो होतो.

मी अंतर्गत परीक्षक. मला बोलायची बंदी. पण अंगात नाटक भिनलेलं. मी समोर जाऊन उभा राहिलो, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि गाठ मारल्याचा अभिनय केला. तिनं पाहिलं आणि गोंधळून आपल्या ओढणीची गाठ तपासली. मग मी उजव्या हाताचं बटन केलं, डाव्या हाताचा कान केला, आणि दोघांच्या मधून एक अदृश्य दोरी ओढली.

“सर,” परीक्षक म्हणाले, “तुम्हाला काही त्रास होतोय का?”

“नाही, जरा खांदा...”

“मग बसून घ्या.”

चौघांना पुढची संधी होती. त्यांनी थोडा वेळ टिकटिक केली आणि हात झाडून चहाला गेले. ती बसून राहिली. बटनाकडे नुसती पाहत.

मी परीक्षकांना व्हरांड्यात घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. साचा, नऊ वर्षं, ती ओळ. सांगताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी हातवारे करत नाहीये.

त्यांनी ऐकून घेतलं. “लेखी द्या.”

“लेखी?”

“तोंडी मला काही उपयोग नाही.”

मी लिहिलं. बटनाला लिसनर जोडण्याची ओळ मी विद्यार्थ्यांना आयती दिली होती, ती शिकवली नाही. खाली सही. हा कागद वर जाणार आणि माझ्या नावावर कायमचा बसणार हे मला कळत होतं. त्यांनी तो वाचला, घडी करून पाकिटात ठेवला.

“तरीही गुण चालू प्रोग्रॅमला आहेत,” ते म्हणाले. “नुसत्या क्लासचे अकरा होतात. पासाला वीस लागतात. मी वीस मिनिटं वाढवून देतो आणि तोंडी प्रश्न मशीनवरच विचारतो. बाकीच्या चौघांबद्दल मी वर लिहीन. पण तुम्ही एक अक्षर बोललात, खोकलात, खांदा हलवलात, तरी मी त्यांचं मशीन बंद करणार.”

“मी बाहेर थांबतो मग.”

“नाही. दोन्ही परीक्षक खोलीत असावे लागतात. तिथं दाराशी उभे राहा.”

मी दाराशी उभा राहिलो. हात मागं बांधले. तिथून तिचा पडदा स्पष्ट दिसत होता, हेच वाईट होतं.

“बटन दाबल्यावर काय झालं?” त्यांनी खुर्ची ओढून विचारलं.

“काहीच नाई झालं, सर.”

“का?”

“माउस खराब असंल.”

“तीन माउस?”

तिनं माउस बाजूला सरकवला. “मंग मीच खराब असीन.”

“तुमचा क्लास बरोबर आहे,” ते म्हणाले. “बटनही बरोबर आहे. मग का होत नाही?”

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग अचानक म्हणाली, “सर, मी दवाखान्यातलं सांगू का? रागावसान नाई ना?”

“सांगा.”

“पेशंट येते आन् बाकड्यावर बसते. डाक्टर आत बसून हायेत. दोघं बी आपापल्या जागी बरोबर. पर मी केस-पेपर आत नेऊन नाई ठेवला, तं डाक्टर आवाज कोनाले देतीन? मानूस दिवसभर बसून राह्यते, आन् मंग माह्यावर वरडते.”

“म्हणजे इथं?”

“इथं बी याचा पेपर त्याच्याकडं ठेवाले पाह्यजे कोनीतरी.” तिनं बटनावर बोट ठेवलं आणि खाली आपल्या क्लासवर आणलं. “यानं कोनाले कळवाचं, हे याले सांगतलंच नाई.”

परीक्षकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “बरोबर. मग सांगा त्याला.”

“कसं सांगू? तशी ओळ आमच्यात नसते, सर.” आणि ती माझ्याकडे वळली, अगदी सरळ मनानं. “असते का हो, सर?”

मी छताकडे पाहिलं. छतावर एक पाल होती, ती तरी चुकचुकली. मला तीही मुभा नव्हती.

“तिकडे नाही,” परीक्षक म्हणाले. “चौदा मिनिटं आहेत.”

तिनं लिहून पाहायला सुरुवात केली. बटन, टिंब, लिसनर. आमची मशीन म्हातारी. एकदा तपासायला अर्धं मिनिट घेतात. लाल ओळ आली: असं काही मला माहीत नाही. बटन, टिंब, सांग. लाल ओळ. इंग्रजीतून ‘ऐक’. लाल ओळ. मी दाराची चौकट नखांनी कुरतडत होतो.

ती थांबली आणि वरच्या दिलेल्या कोडवर बोट फिरवत पुटपुटली, “खिडकीत बटन टाकाले अ‍ॅड लिवलं हाये. म्हंजे बटनात ऐकनारा टाकाले बी अ‍ॅडच लागंन.” तिनं अ‍ॅडलिसनर असा जोडशब्द लिहिला.

माझ्या घशातून आवाज निघणार होता. मी रुमाल तोंडात कोंबला. ती उत्तराच्या दारात आली होती हो! उंबऱ्यावर होती. एक शब्द मध्ये घातला की झालं.

लाल ओळ. तिनं कपाळाला हात लावला आणि ‘अ‍ॅड’ पुसून टाकलं. पार पुसून टाकलं. नाटकात खलनायक विषाचा पेला पुढं करतो तेव्हा प्रेक्षकांतली माणसं ओरडतात, ‘नको, पिऊ नको!’ मी त्या माणसांना आयुष्यभर हसत आलो.

“आठ,” परीक्षक म्हणाले.

दोन वेळा तिनं भलतंच काही लिहिलं. मग हात मांडीवर ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, हरली. पण ती दवाखान्याच्या खिडकीवरची सकाळ आठवत असावी, कारण डोळे न उघडताच म्हणाली, “पेपर नुसता आत ठेवून बी नाई चालत. कोनत्या डाक्टरकडं, थे लिवा लागते. दाताच्या का डोयाच्या.” डोळे उघडले. स्वतःच्या क्लासच्या पहिल्या ओळीवर गेली. तिथं तिनंच लिहिलं होतं की हा लिसनर कोणत्या जातीचा: अ‍ॅक्शनलिसनर. तिनं अ‍ॅड परत आणलं, त्याला अ‍ॅक्शन चिकटवलं, त्याला लिसनर, आणि कंसात आपल्या क्लासचं नाव.

अर्धं मिनिट. लाल ओळ.

मी दाराच्या चौकटीला टेकलो.

“सर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळाच होता, “हे लाल दुसरं हाये.”

“मग?”

“दुसरं आलं म्हंजे पह्यलं गेलं ना.”

मी नऊ वर्षं शिकवतोय, हे वाक्य मला कधी सुचलं नाही. ती पडद्याच्या जवळ जाऊन ते इंग्रजी एकेक शब्द लावून वाचत होती. तीन मिनिटं उरली होती. क्लासचं नुसतं नाव देऊन भागत नाही, त्याचा खरा नमुना घडवून द्यावा लागतो. त्यासाठी आधी ‘न्यू’ लिहायचं. हे मात्र मी शिकवलं होतं, देवाशप्पथ शिकवलं होतं! तिनं ओठ हलवले, कंसात मागं गेली, न्यू लिहिलं, शेवटी दोन छोटे कंस लावले.

अर्धं मिनिट. लाल ओळ आली नाही.

खिडकी उघडली. तिनं चौकटीत आपल्या धाकट्या लेकीचं नाव टाकलं आणि हात मागं घेतला.

“सर, तुमीच दाबा. माह्या हातानं सकायपासून नाई होऊन राह्यलं.”

“परीक्षा तुमची आहे,” परीक्षक म्हणाले.

तिनं दाबलं. नाव यादीत पडलं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा पडलं. मग ती दाबतच राहिली, आणि यादीत त्या पोरीचं नाव एकाखाली एक उतरत गेलं, यादी खाली सरकायला लागली. परीक्षकांना शेवटी “पुरे आता” म्हणावं लागलं.

गुणपत्रिकेवर आम्ही दोघांनी सह्या केल्या. तेवीस. काठावर, पण पास. ‘उत्तीर्ण’ लिहिलेली तात्पुरती चिठ्ठी तिला तिथंच मिळाली. माझा कागद असलेल्या पाकिटाला लाख लागली. परीक्षकांनी डबा उघडला. त्यांनी मला एक पोळी देऊ केली, ती मी घेतली नाही.

बाहेर आठवडी बाजार भरला होता. ती फाटकाशी स्कार्फ बांधत जीपची वाट पाहत होती. मी आनंदानं जवळ गेलो. सकाळपासून साठलेलं सगळं बोलायचं होतं.

“सर,” तीच आधी बोलली, “थे ओळ साच्यात होती ना? आपल्या रोजच्या.”

“होती.”

“मंग दाखोली काऊन नाई?”

“लपवली नव्हती हो, ताई. वेळ वाचावा म्हणून...”

“कोनाचा?”

टोमणा नव्हता. दवाखान्याच्या खिडकीवर पेन हातात धरून ‘वय?’ विचारावं तसं तिनं विचारलं. उत्तर मिळालं की ती लिहून घेणार आणि पुढच्याला हाक मारणार, असं. तेवढ्यात जीप आली, ड्रायव्हर ओरडला, “बसा लवकर, मावशी, बसा,” आणि ती चिठ्ठी कमरेच्या पिशवीत नीट ठेवून मागच्या बाकावर चौथी होऊन बसली. “सोमवारी अर्ज भरते, सर,” एवढं तिनं जाता जाता सांगितलं.

मी कांद्याच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहिलो. आता बोलायला मला कोणाचीही मनाई नव्हती, आणि दुपार मोकळी होती. कांदेवाल्यानं दोनदा विचारलं, “किती देऊ, सर?” तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.